हात न लावलेले माग

खूप मागची गोष्ट आहे. किती मागची ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्यातली सगळी घरं गवतानं शाकारलेली होती. उन्हाळ्यात डोंगरावर वणवा लागे, आणि वारा फिरला की तो खाली उतरे.

म्हणून गावानं एक रीत घालून घेतली होती. शिमगा सरला की गावातले थोरले आजोबा चार जाणत्या माणसांना घेऊन दारोदार फिरत. घरधन्यानं आपल्या एकेका वस्तूवर हात ठेवायचा आणि मोठ्यानं विचारायचं, "हे जळालं तर?" सगळ्यांनी म्हणायचं, "गाव उभं करील." मग त्या मानानं घरधन्यानं गावाच्या कणगीत धान्य ओतायचं. हात लावलेलं ते गावाच्या जबाबदारीचं, न लावलेलं ज्याचं त्याचं. आणि हा शब्द एका सालापुरता. पुढच्या शिमग्याला पुन्हा फेरी, पुन्हा हात.

त्या गावात एक विणकर होता. कामाला चोख, पण मनाचा भारी भित्रा. आगीचं नुसतं नाव निघालं तरी तो तिथून उठून जाई. घरात 'जळणं' हा शब्द काढायचीच बंदी होती. बायकोनं चूल पेटवली तरी तो म्हणे, "चूल जागी केली म्हण." तुम्ही हसाल, पण घाबरलेल्या माणसाला आपलं हसू होतंय हे कळत नाही.

घरफेरीचा दिवस जवळ आला की तो पळवाट शोधू लागे. भरल्या घरात उभं राहून, आपल्याच वस्तूवर हात ठेवून असलं अभद्र बोलायचं? वास्तू तथास्तु म्हणाली तर? म्हणून तो दरवर्षी उंबऱ्यातूनच हात जोडी आणि म्हणे, "आजोबा, गेल्या सालासारखंच धरा. काही बदल नाही." आजोबाही पूर्वी कधी हात लावलेलंच धरून पुढं जात, आणि हा सुटे.

बदल मात्र झाला होता. म्हातारी गाय मरून गेली होती. गोठा मोडून त्या जागी त्यानं लांब पडवी काढली होती आणि पडवीत सागवानी लाकडाचे दोन माग उभे केले होते. नवराबायको दोघं दिवसभर तिथं बसत. त्यांच्या ताटात पडणारी प्रत्येक भाकरी त्या मागांवरून येत होती.

त्या वर्षीही थोरले आजोबा दारात आले. म्हणाले, "अरे, एकदा आत येऊन बघू तरी दे."

"कशाला आजोबा? तेच घर, तोच गोठा. गेल्या सालासारखंच धरा."

आजोबांना अजून निम्मं गाव फिरायचं होतं. ते पुढं गेले.

बायको नदीवरून धुणं घेऊन आली. तिनं आल्या आल्या विचारलं, "अहो, मागांना हात लावलात ना?"

विणकर तिच्या डोक्यावरचं धुणं उतरवू लागला.

"म्हणजे नाहीच लावला! अहो, आपण जगतो कशावर?"

"हळू बोल. वास्तू ऐकते."

"वास्तूनं ऐकू नये म्हणून गावालाही ऐकवायचं नाही का? आताच्या आता जा आणि आजोबांना सांगून या."

झालेली चूक सुधारायला अमावास्येपर्यंत मुभा असे. विणकर निघाला. थोरले आजोबा पारावर बसून दोर वळत होते. विणकर समोर जाऊन उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं आणि त्याच्या डोळ्यांपुढं दोन्ही माग धडाडून पेटलेले दिसले.

"काय रे, काही सांगायचं होतं का?"

"नाही आजोबा, सहज आलो होतो," असं म्हणून तो माघारी फिरला. बायकोला त्यानं सांगितलं, उद्या जातो. अमावास्या आली आणि गेली.

मग खरी भीती सुरू झाली. आधी त्याला एका शब्दाची भीती होती, आता साऱ्या गोष्टींची वाटू लागली. वाळलेलं गवत सळसळलं तरी तो दचके. भाकरी पुरती भाजायच्या आत तो चुलीवर पाणी ओती. विणता विणता मधेच उठून अंगणात जाई, डोंगराकडं पाही, नाकानं हवा हुंगे आणि परत येऊन बसे. धागे तुटू लागले. झोप उडाली. जे तोंडानं एकदाच बोलायचं होतं, ते त्याचं मन आता दिवसभर बोलत होतं.

आणि एका दुपारी वारा फिरला.

धुराचा लोट डोंगर उतरून आला. लोकांनी दावी कापली, पोरं काखेत मारली आणि सगळे नदीकडं धावले. विणकर पडवीत शिरला. मागाचे खांब जमिनीत पुरलेले. त्यानं मिठी मारून ओढले, हिसडे दिले, ते हलेनात. वरून ठिणग्या पडू लागल्या. शेवटी बायकोनं त्याला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दोघांनी आपली पडवी पेटताना पाहिली. विणकर लहान मुलासारखा रडला.

गावानं शब्द पाळला. जळलेली घरं एकेक करून उभी राहिली. विणकराचं घर झालं आणि घरामागं गोठाही झाला, चांगला ऐसपैस, नव्या बांबूंचा. त्यात बांधायला गाय नव्हती.

विणकर आजोबांचे पाय धरून म्हणाला, "आजोबा, गोठा नको मला. एक तरी माग द्या हो."

आजोबांचे डोळे भरून आले. "लेकरा, गावाकडं होतं तेवढं सागवान कुंभाराच्या घराला आणि तेल्याच्या घाण्याला लागलं. त्यांनी हात ठेवून मागितलं होतं. आता त्यांच्या घरातून ओढून तुला कसं देऊ? तू गोठा सांगितलास, आम्ही गोठा राखून ठेवला. मी आत येतो म्हणालो होतो रे."

दुसऱ्या दिवसापासून नवराबायको शेजारच्या गावी दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं विणायला जाऊ लागले.

एकदा तिथून परतताना डोंगरावर पुन्हा धूर दिसला. बायको सवयीनं नवऱ्याकडं बघू लागली. तो खाली मान घालून चालतच राहिला.

"अहो, धूर दिसतोय. भीती नाही का वाटत?"

"नाही," विणकर म्हणाला. "आता माझ्याकडं भिण्यासारखं काही उरलंच नाही."

तात्पर्य: ज्या संकटाची भीती वाटते, त्याचं नाव वेळेवर घ्यावं, तोंड मिटून बसल्यानं संकट टळत नाही, फक्त हाताशी असलेला आधार सुटतो.