येसूचा मुराळी

पाय पोटाशी घेऊ नका, नीट निजा बघू. तर एक होता डोंगर. डोंगरावर सडा, म्हणजे मोकळं सपाट पठार, सड्यावर मोठं पाणथळ आणि पाणथळातून निघायचा एक ओढा. ओढ्याच्या उगमापाशी एक म्हातारी राहायची. आणि ओढा खाली सपाटीला लागतो ना, त्या गावात दिली होती तिची लेक, येसू.

तेव्हाची रीत अशी, बरं का, की माहेरचा मुराळी न्यायला आल्याशिवाय लेकीनं माहेरी जायचं नाही. येसूला ना भाऊ, ना बाप. कोण येणार? मग म्हातारीनं ओढ्यालाच कामाला लावलं. रोज सकाळी पळसाच्या पानाचा द्रोण लावायची, त्यात एक रानफूल ठेवायची आणि पाण्यात सोडायची. सांज होता होता द्रोण येसूच्या पुढ्यात. द्रोण आला म्हणजे आई आहे. येसूला तेवढं पुरायचं. पुरायचं कसलं, पण काय करते बिचारी.

मग राजाला हव्या झाल्या गलबतांच्या डोलकाठ्या. सड्यावर उंच उंच झाडं लावू म्हणाला. बसून राहिलेलं पाणी आळशी, त्याला वाटेला लावा म्हणाला. झालं. राजाच्या माणसांनी पाणथळात सरळसोट चर खणले आणि झाडांच्या रांगा उभ्या केल्या.

पावसाळ्यात ओढा तांबडालाल होऊन धावत आला. द्रोणाच्या नुसत्या चिंध्या आल्या. दिवाळीला गाळ आला, माशांची अंडी गाळाखाली गेली, द्रोण काही आला नाही. आणि होळीला तर पाणीच आलं नाही. येसू रिकामी कळशी घेऊन तिथंच बसली. आई आहे की नाही, कुणाला विचारावं?

मग दगडाखालून एक खेकडीण बोलली, "पोरी, पाण्याला वर थांबायला जागाच ठेवली नाही गं. सगळं एकदम पळून गेलं. मला तरी वर ने."

येसूनं तिला कळशीत घातलं आणि घरी आली. सासूला म्हणाली, "आत्याबाई, मी निघते."

"मुराळी कुठाय?"

येसूनं कळशी पुढे केली. सासूनं आत वाकून पाहिलं. तिलाही कधीकाळी कुणी न्यायला आलं नव्हतं, बरं का. तिनं दोन भाकरी बांधून दिल्या.

येसू कोरड्या ओढ्यातून चढत गेली. वर म्हातारी काठावर बसलेली, शेजारी वाळक्या द्रोणांची ही एवढी चवड.

"पाणी आलं की सोडीन म्हणून रोज एक लावत होते," आई म्हणाली. येसू तिच्या कुशीत शिरून खूप रडली.

मग दोघींनी दगडमातीनं चर बुजवायला घेतले. एक बुजवला, दोन बुजवले, तिसऱ्याला राजा स्वतः आला. पण तो कशाला रागावतो? डोलकाठ्या व्हायच्या होत्या अजून, आणि सड्याची माती खाडीत उतरून त्याची गलबतं गाळात रुतली होती. त्यानं मुकाट्यानं माणसं लावली. चर बुजले, ओढ्याकाठी लावलेली झाडं काढून टाकली, खेकडीण तिच्या जागी गेली. येसू सासरी परतली आणि वाट बघत राहिली.

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वर्षी ऐन चैत्रात ओढा वाहत होता, संथ आणि निवळ. सांजेला एक द्रोण आला. मग दुसरा. मग सगळी चवडच आली, प्रत्येकात एकेक फूल. येसू गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि पदर भरेपर्यंत गोळा करत राहिली.

पुढे दर चैत्रात ती माहेरी जायची. मुराळी कुठाय, असं सासूनं पुन्हा विचारलं नाही. मासे आले, खेकडे आले, सगळी सुखात नांदली. आता मिटा डोळे. ओढाही हळूच चाललाय, त्याला जाऊ द्या.