कुंपणाबाहेरची धाकटी

फार जुनी गोष्ट आहे, माळावर पहिलं काटेरी कुंपण घातलं गेलं तेव्हाची. त्या कुंपणाने मारवेल गवताच्या दोन सख्ख्या बहिणींची ताटातूट केली. थोरली आत राहिली आणि धाकटी बाहेर.

बाहेर रोज शेळ्या येत आणि धाकटीला जमिनीलगत कुरतडून जात. आत थोरली कमरेएवढी वाढली, तिच्या डोक्यावर तुरे डोलू लागले. ते पाहून धाकटीचा जळफळाट होई. तिलाही एकदा तरी बी धरायचं होतं.

"ताई, तुझं बरं आहे," ती म्हणाली. "तू उगवतेस ते तुझंच राहतं."

"मग तू उगवतेस तरी कशाला?" थोरली हसली. "शेळ्यांची पंगत वाढायला?"

त्या दिवसापासून धाकटीने सगळं बळ पानांवर खर्च केलं नाही. अर्धं मुळांत साठवू लागली.

भाद्रपद सरताना कुंपण एका जागी मोडलं. शेळ्या आत घुसल्या आणि तिथेच चरू लागल्या. थोरलीचे तुरे हिरवेच गेले. तिने सगळं बळ त्यांनाच दिलं होतं. मुळांत काही उरलं नव्हतं.

बाहेर धाकटीला बुडातून नवे कोंब फुटले आणि पहिल्यांदाच तुरा आला.

थोरली खुंटासारखी खालून तो बघत राहिली. आता जळायची पाळी तिची होती.

बी पिकून वारा सुटला, तेव्हा मात्र ती हळूच म्हणाली, "धाकटे, एखादं इकडेही पडू दे. माझ्या जागी तुझी लेक उभी राहिली तरी चालेल मला."