कौतिकाबाईंचं गाडगं

“मंग, सापडलं का तुले?”

देवजीबाबांनी हे विचारलं तेव्हा हेरंबच्या उजव्या कानशिलावर घण पडत होते. त्या बाजूच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. घाटाच्या पायऱ्यांवरचं ऊन बघवत नव्हतं, म्हणून तो ओसरीच्या खांबाकडे तोंड करून बसला होता.

“काय, बाबा?”

“डोक्याचं कारन.”

“सापडलं ना. मागेच सांगितलं तुम्हाला. कौतिकाबाईंचं ताक.”

“हां…”

बाबांनी पुढ्यातला अंबाडीचा वाख ओढला आणि गाईसाठी दावं वळायला घेतलं. पुढे काही विचारलं नाही. हेरंबला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी शरमही वाटली.

हेरंब मूळचा नाशिकचा. औषधांच्या कारखान्यात नमुने तपासायची नोकरी होती. ती सोडून तो पूर्णेच्या काठावरच्या देवजीबाबांच्या या लहानशा मठात शिष्य म्हणून आला. नोकरी सुटली, तपासायची खोड काही सुटली नाही.

डोकेदुखी जुनीच होती, इथे येऊन वाढली. जेवण झालं की दुपार कलताना सुरू व्हायची. आधी डोळ्यापुढे काजवे, मग उजवं कानशील, मग उलटी. अकोल्याला जाऊन डोकं यंत्रात घालून झालं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, काही नाही. हे ऐकून माणसाला आनंद व्हायला हवा. हेरंबला राग आला. निघताना डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाला रोजच्या खाण्यातलंच एखादं काही बाधतं, लक्ष ठेवा.

झालं, त्याला तेवढंच हवं होतं.

पण मठाचं जेवण लक्ष ठेवण्यासारखं नव्हतं. रोज पाच घरची भिक्षा मागायची. भाकरी, वरण, भाजी, चटणी सगळं एकाच झोळीत पडायचं, आणि जेवायला बसण्याआधी ती झोळी नदीत बुडवून काढायची. जिभेचे लाड होऊ नयेत म्हणून ही रीत. आता जिथे वांगं कुठलं आणि भोपळा कुठला हेच कळत नाही, तिथे चोर कसा पकडणार? पदार्थ वेगळे करता येईनात, तेव्हा हेरंबने घरं वेगळी केली. एक घर काही दिवस सोडायचं, त्याच्याऐवजी दुसरं धरायचं, आणि डोक्याकडे बघत बसायचं.

आधी शेंगदाण्याची चटणी देणारं घर सुटलं. मग लोणच्याचं सुटलं. ती खाऊनपिऊन सुखी घरं होती, त्यांना पत्ताही लागला नाही. मग कौतिकाबाईंचं घर सुटलं.

कौतिकाबाई एकट्या राहायच्या. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दारात एक म्हैस. त्यांच्याकडे भिक्षेत घालायला ताकच असायचं, पण ते झोळीबरोबरच्या तांब्यात काठोकाठ भरून. ते घर सोडलं आणि हेरंबचं डोकं थांबलं. दिवसामागून दिवस गेले, काही नाही. हेरंब खूश झाला. घाटावर धुणं धुणाऱ्या एकीने सहज विचारलं, “महाराज, कौतिकामायच्या दारावर येत नाही आताशा?”

“त्यांच्या ताकाने डोकं चढतं,” तो म्हणाला.

एवढंच. त्यात खोटं काही नव्हतं, निदान त्या दिवशी तरी.

आणि मग एका दुपारी दुखणं परत आलं. हेरंबने ते कुणाला सांगितलं नाही. आपण शोधून काढलेलं कारण चुकलं, हे कबूल करणं त्याला दुखण्यापेक्षा जड जात होतं. गोठ्यामागे जाऊन तो गुपचूप ओकायचा, चूळ भरायचा आणि पुन्हा पोथीपुढे येऊन बसायचा. आजही तेच करून आला होता.

“कोनी येऊ राह्यलं,” बाबा म्हणाले.

हेरंबने डोळे किलकिले करून पाहिलं. कौतिकाबाई येत होत्या. डोक्यावर पदर, कडेवर मूल घ्यावं तसं फडक्याने तोंड बांधलेलं गाडगं.

त्या ओसरीखालीच थांबल्या. वर आल्या नाहीत.

“बाबा, हे नदीत ओताले आनलं. म्हटलं, आधी तुमाले इचारावं.”

“काय आहे त्याच्यात?”

“इरजन.”

बाबांचा वळणारा हात जरा थांबला.

त्या विरजणाची गोष्ट अख्ख्या गल्लीला ठाऊक होती. कौतिकाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा आईने माहेरचं विरजण बरोबर दिलं होतं. तेव्हापासून रोज रात्री ते दुधाला लावायचं आणि सकाळी त्यातलंच थोडं उद्यासाठी बाजूला काढायचं. गाडगी फुटली, बदलली, विरजण तेच राहिलं. गल्लीत कुणाचं दही फार आंबलं, कुणाच्या दह्याला तार सुटली, की ती बाई वाटी घेऊन यायची. “मामी, चमचाभर इरजन द्या.” चमचाभर विरजण द्यायला कितीसा वेळ लागतो? पण कौतिकाबाई तेवढ्यात सासूचे गुडघे, लेकाची परीक्षा, सगळं विचारून घ्यायच्या. त्यांची माणसं म्हणजे ही वाटी घेऊन येणारी माणसं.

“आता वाटी घेऊन कोनी येत नाही,” त्या म्हणाल्या. “मठानं सोडलं म्हनल्यावर कोन येते? त्याचं काही नाही. मले एक वेगळंच इचाराचं होतं. या महाराजाहीले.”

त्या हेरंबकडे वळल्या. हेरंब नाइलाजाने उजेडाकडे तोंड करून बसला.

“आमचे हे होते ना, महाराज. त्याहीचं डोकं दुखे. वावरातून आले का फडकं बांधून निजत. मले वाटे, ऊन लागलं असन. म्हून मी ताक देत होती. पोटात थंड जाईन, बरं वाटन म्हून. रोज देत होती…”

त्यांनी गाडग्याच्या काठावरून अंगठा फिरवला.

“तं मीच पाजत होती का त्याहीले? मीच केलं का, महाराज?”

हे हेरंबच्या ध्यानीमनीही नव्हतं. तो आपल्या डोक्याचा विचार करत होता. या बाईच्या घरात दुसरंही एक डोकं होऊन गेलं असेल, आणि आपलं एक वाक्य जाऊन त्या मेलेल्या माणसाच्या उशाशी बसेल, हे त्याला कसं सुचावं?



“अन् गल्लीतल्यांचं कसं कराचं?” कौतिकाबाईंनी विचारलं. “त्या आता एकमेकीकून इरजन नेतात. पन तेबी माह्याच गाडग्यातलं होय ना. त्याहीलेबी सांगा लागन, टाकून द्या म्हून.”

हेरंबचं डोकं ठणकतच होतं, तरी त्यातला कारखान्यातला कोपरा जागा झाला. पाटलांची कढी. शिंप्यांचा दहीभात. पलीकडच्या घरचं ताक, जे तो निर्धास्तपणे पीत होता. सगळं या गाडग्यातलं. त्याने घर सोडलं होतं, ताक कधी सोडलंच नव्हतं! असली तपासणी कारखान्यात केली असती, तर साहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

म्हणजे ताक बाधतं? की मुळीच बाधत नाही? मग मधले दिवस बरे गेले ते कशाने? काहीच कळत नव्हतं. पहिल्या दिवशी जेवढं कळत होतं तेवढंच आजही कळत होतं, आणि तेवढ्यासाठी या बाईची गल्ली तुटली होती.

“मंग ओतू का, बाबा?”

“मले कायले इचारते, माय? ज्यानं सांगतलं त्याले इचार.”

बाबा पुन्हा दावं वळू लागले.

कौतिकाबाईंनी हेरंबकडे पाहिलं. हेरंबने खांबाकडे पाहिलं. एक शब्द बोलला की झालं. पण बाबांसमोर आत्ताच तर ‘सापडलं’ म्हणून झालं होतं…

मोठी माणसं गप्प राहिली की तो होकार समजायचा, अशी कौतिकाबाईंना जन्मभराची सवय. त्यांनी मान हलवली आणि घाट उतरू लागल्या. पाण्याच्या पायरीशी बसल्या. फडक्याची गाठ सोडली. गाडगं दोन्ही हातांनी धरून नदीकडे कलतं केलं. घट्ट पांढरं दही सरकत काठाशी आलं.

“थांबा!”

हेरंब ओरडला. स्वतःच्याच आवाजाने त्याच्या कानशिलात कळ गेली. डोळे मिटून, पायऱ्या चाचपत तो खाली गेला.

“माय, माझं डोकं आत्ताही दुखतंय.”

“आता?”

“आत्ता. परवाही दुखलं. तुमच्या दारावर यायचं सोडल्यावरही दुखतंय. मी कुणाला सांगितलं नाही.”

गाडगं कलतंच होतं. कौतिकाबाईंनी ते सावकाश सरळ केलं.

“मंग ताकानं नाही?”

नाही म्हणून टाकणं फार सोपं होतं. बाई हसली असती, गाडगं घेऊन घरी गेली असती. हेरंबच्या ते अगदी ओठावर आलं होतं.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

“अन् आमच्या याहीचं?”

“तेही माहीत नाही, माय. तेव्हाही माहीत नव्हतं. मी उगाच बोललो.”

“माहीत नव्हतं तं बोलला कायले, बाप्पा?”

हे त्या मोठ्याने बोलल्या. डोळे भरून आले होते, पण आवाजात राग होता, आणि तो त्यांना शोभत होता. नदीवर एक बगळा उडाला, पलीकडे जाऊन बसला. कौतिकाबाईंनी फडकं पुन्हा गाडग्यावर बांधलं आणि ते मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

हेरंबला ते बघवेना. तो त्यांच्यापुढे पायरीवर बसला आणि त्याने ओंजळ पुढे केली.

“घाला, माय. यातलं दही घाला. इथेच खातो, सगळ्यांना दिसेल असं.”

“हात खाली घे,” वरून बाबांचा आवाज आला.

“बाबा, मला प्रायश्चित्त…”

“डोकं दुखते ना तुह्यं?”

“हो.”

“मंग खाऊ नको.”

हेरंबची ओंजळ तशीच राहिली. त्यागाचा एवढा चांगला प्रसंग हातचा गेल्याने तो खट्टू झाला. मग स्वतःचंच हसू येऊन त्याने हात खाली घेतले. हसल्याने डोकं आणखी दुखलं.

“माय, तू घरी जाय,” बाबा म्हणाले. “गाडगं घेऊन जाय. सावलीसावलीनं जाय, ऊन आहे.”

कौतिकाबाई उठल्या. हेरंबजवळून जाताना जरा थांबल्या.

“अंधारात पडून राहा, महाराज. तेही तसंच करत,” त्या म्हणाल्या आणि घाट चढून गेल्या.

ऊन ओसरीवरून उतरलं. हेरंब आतल्या खोलीत ओला पंचा डोळ्यांवर घेऊन पडला होता. ठणका कमी झाल्यावर तो बाहेर आला, तेव्हा बाबा गाय पिळून उठत होते. मठाच्या गाईचं वासराला पाजून उरलेलं दूध बाबा दारात येईल त्याच्या हाती देत. मठात दही कधी लावलं गेलं नव्हतं, गल्लीतून हवं तेवढं ताक येत असल्यावर लावणार कोण?

“बाबा.”

“हं.”

“तुम्हाला कळत होतं ना, माझं डोकं अजून दुखतंय ते?”

“गोठ्यामागं कोन ओकते, ते गाईले बी कळते.”

“मग बोलला का नाहीत?”

बाबांनी चरवी खाली ठेवली आणि गाईच्या पाठीवर थाप मारली.

“उद्या भिक्षेला कुणाकडे जाऊ?” हेरंबने विचारलं. “कुणाचं घर सोडू?”

“कौतिकाच्या दारावर जाजो. गल्लीतल्या बाया नळावर असतात, तवा जाजो.”

“पण ताक मला नको, असं तुम्हीच म्हणालात. आणि त्यांच्याकडे दुसरं द्यायला काही नसतं. दारात उभा राहून मी मागू काय?”

बाबा ओसरीवर चढले. कोनाड्यातली पितळी वाटी काढली, धोतराच्या सोग्याने आतून पुसली आणि हेरंबच्या हातात ठेवली.

“चमचाभर इरजन.”