बेटावरचा आजारी कारकून

शिडाच्या गलबतांचा काळ होता, तेव्हाची ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका मोठ्या नगरात विसाजीपंत नावाचे एक कारकून राहत होते. कचेरीत पाऊल टाकलं की हाका सुरू व्हायच्या. "पंत, हा अर्ज बघा." "पंत, शिक्का कुठे ठेवलात?" "पंत, दिवाणजी बोलावताहेत!" थकून घरी यावं, तर शेजारच्या लोहाराचा घण सुरू.

एक दिवस जेवता जेवता पंतांनी बायकोला सांगून टाकलं, "पुरे झालं हे शहर! दक्षिणेला नारळांचं एक बेट आहे म्हणे. तिथे जाऊन आपण साधं जगायचं. एक झोपडी, एक चटई, बस्स."

"आणि तिथे काम काय करायचं?" उमाबाईंनी विचारलं.

"अगं, काम करायचंच नाही. तेच तर साधं जगणं!"

उमाबाईंनी पंतांच्या पानात आणखी भात वाढला.

महिन्याभराने दोघं गलबतातून बेटावर उतरली. बरोबर सात पेट्या होत्या. एकीत गाद्या, एकीत लोड, एकीत पंतांच्या पगड्या. बेटावरचा नाखवा देवजी तांडेल पेट्या उतरवता उतरवता घामाघूम झाला.

"पंत, एवढं काय आणलंत?"

"काही नाही हो. साधं राहायला लागतं तेवढंच."

बेटावर वीस-पंचवीस माणसं. सकाळी शंख वाजला की म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळी किनाऱ्यावर जमायची आणि लांबलचक जाळं पाण्यातून ओढून काढायची. त्या जाळ्याला रापण म्हणत. मासळी आली की तिथेच वाळूत सारखे वाटे पडायचे. जो दोरीला हात लावील त्याला वाटा. जो आजारी असेल त्याला घरपोच वाटा.

पहिल्या सकाळी शंख वाजला. उमाबाई पदर खोचून गेल्या. पंतांनी मात्र दोन माडांच्या मधे झोळी बांधली, आत आडवे झाले आणि डोळे मिटले.

आता बेटावरच्या लोकांना प्रश्न पडला. धडधाकट माणूस शंख ऐकूनही येत नाही, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रापण आटोपल्यावर सगळे झोळीभोवती गोळा झाले. बेटावर औषधपाणी बघणारी सोनाय पुढे आली. तिने पंतांच्या कपाळावर हात ठेवला.

"बाबा, तुला बरं नाही का?"

पंत 'मी ठणठणीत आहे' म्हणणार होते. तेवढ्यात त्यांना मागे एक बाई दिसली. तिच्या हातात केळीच्या पानावर तळलेली सुरमई होती. आजाऱ्याचा वाटा.

पंतांनी डोळे अर्धवट मिटले. "हो हो... अंगात जरा कसर आहे," ते पुटपुटले.

तो दिवस फार छान गेला. सुरमई आली, शहाळं आलं, कुणीतरी वारा घातला. पंत मनात म्हणाले, याला म्हणतात साधं जगणं.

दुसऱ्या दिवशी सोनाय काडेचिराईताचा काढा घेऊन आली. एक घोट घेताच पंतांच्या शेंडीपर्यंत कडूपणा चढला.

"आता बरं वाटतंय!" ते घाईघाईने म्हणाले.

"मग जाळ्यावर येतोस?"

पंतांनी समुद्राकडे पाहिलं. लोक दोरी ओढत होते आणि ऊन मी म्हणत होतं. "नाही... अजून थोडी कसर आहे."

"मग काढा दुप्पट," सोनाय म्हणाली. "आणि मासळी बंद. नुसती पेज."

पंतांनी आशेने बायकोकडे पाहिलं. उमाबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "सोनाय, पेजेत मीठसुद्धा नको. यांना बाधतं."

असे पंधरा दिवस गेले. सगळं बेट माशांच्या कालवणाच्या वासाने दरवळायचं आणि पंत पगडी घालूनच झोळीत पेज भुरकायचे. कुणी तळपाय चोळून जायचं, कुणी छातीला लसणीचा लेप लावायचं. शहरात हाका मारायचे ते निदान लांबून. इथे दर घटकेला कुणीतरी कानाशी येऊन विचारी, "पंत, आता कसं वाटतंय?"

एका दुपारी आभाळ एकाएकी काळंभोर झालं आणि वारा सुटला. बेटावर दोन होड्या होत्या, एक थोरली आणि एक धाकटी. त्या ताबडतोब वर ओढायला हव्या होत्या. पण देवजी ओरडला, "आधी आजारी माणूस वर न्या!" बेटाची तशीच रीत होती. चार दांडग्या गड्यांनी झोळी सोडली, बांबूला बांधली आणि पंतांना खांद्यावर घेऊन ते टेकडीवरच्या गुहेकडे निघाले.

"अरे, मी चालतो ना," पंत म्हणाले.

"पंत, बोलू नका. दम लागेल!"

झोळीतून पंतांना खालचा किनारा दिसत होता. एक मोठी लाट आली आणि धाकट्या होडीला उचलून घेऊन गेली. उरलेली माणसं थोरलीला ओढत होती. हातभर वर यायची आणि पुन्हा दोन हात खाली घसरायची. दोरीच्या टोकाला उमाबाई होत्या. त्यांचा पाय सटकला आणि त्या पाण्यात पडल्या. उठल्या, पुन्हा दोरी धरली, पुन्हा पडल्या.

पंतांनी झोळीतून खाली उडी मारली.

"मला काही झालेलं नाही! चला सगळे खाली!"

"वात झाला, वात! बरळताहेत, धरा त्यांना!" गडी ओरडले.

पंत पुढे आणि चार गडी मागे, असे पाचही जण धावत किनाऱ्यावर पोचले. पंतांनी बायकोला उभं केलं, पगडी फेकून दिली आणि दोरी धरली. ते बघून गड्यांनीही हात घातला. तळहात सोलवटले, पण होडी इंच इंच सरकत वाळूवर आली.

मग सगळे गुहेत शिरले. बाहेर पाऊस कोसळत होता. सोनायचा चेहरा आनंदाने फुलला होता. "बघितलंत? काढा लागू पडला!"

"पडला खरा!" सगळे कौतुकाने म्हणाले.

पंत नुसते गप्प राहिले असते, तर सारं झाकलं गेलं असतं. त्यांनी उमाबाईंकडे पाहिलं. त्या साडी पिळत होत्या आणि त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

"सोनाय," पंत खाली मान घालून म्हणाले, "मी आजारी नव्हतोच. खोटं बोललो."

सोनायला काही कळेना. "मग पंधरा दिवस झोळीत काय करत होतास?"

"साधं जगत होतो."

सोनाय हळहळून म्हणाली, "फार त्रासाचं दिसत होतं रे ते!" आणि गुहाभर हसू फुटलं.

देवजी तेवढा हसला नाही. "धाकटी गेली," तो म्हणाला. "हे चार गडी खाली असते, तर वाचली असती."

हसू थांबलं. पंत म्हणाले, "नवी करायला किती दिवस लागतात?"

"चार महिने. झाड तोडण्यापासून."

"मी येतो," पंत म्हणाले.

आणि ते खरंच गेले. रोज सकाळी रापण, मग दुपारभर होडीचं लाकूड तासायचं. सुरुवातीला पंत लाकडापेक्षा आपलाच अंगठा जास्त तासत. हळूहळू हात बसला. चार महिन्यांनी नवी होडी पाण्यात उतरली, तेव्हा पुढच्या फळ्या पंतांनी बसवलेल्या होत्या आणि त्यातून पाणी अगदी थोडंच येत होतं.

त्या संध्याकाळी उमाबाईंनी पंतांना बांगड्याचं कालवण आणि भात वाढला.

"काय हो," त्यांनी विचारलं, "परत शहरात जायचं का?"

पंत बसल्या बसल्या गाढ झोपले होते, हातातला घास हातातच राहिला होता.

उमाबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग पंतांच्या पानातला बांगड्याचा मोठा तुकडा अलगद उचलला आणि चवीने खाल्ला.

तात्पर्य एवढंच: साधं जगायला बेट लागत नाही आणि झोळीही लागत नाही. दहा जण ओढतात त्या दोरीला आपलाही हात लावावा, म्हणजे जेवण गोड लागतं आणि झोपही छान येते.