पिठात लिहिलेला पेटारा

कण्हेरवाडीत नरहरपंत नावाचे एक वैद्य राहत. हाताला मोठा गुण! पण माणूस असा चिक्कू, की गूळ बांधून आलेला कागद आधी चाटायचा आणि मग लिहायला जपून ठेवायचा.

पंतांचा औषधांचा एक भलामोठा पेटारा होता. पेटाऱ्यात डबे, डब्यांत बटवे, बटव्यांत पुड्या. कशात काय आहे, ते पंतांना डोळे मिटूनही सांगता येई. पण ते परगावी गेले, की औषध द्यायचं काम त्यांच्या पत्नीवर, वेणूबाईंवर येऊन पडे. म्हणून एकदा पंतांनी पेटाऱ्यातलं सगळं लिहून काढलं. कसं? तर चतकोर कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, ओळीला ओळ चिकटवून! आधी सगळे डबे, मग सगळे बटवे, मग सगळ्या पुड्या.

वेणूबाई म्हणाल्या, "अहो, कुठली पुडी कुठल्या डब्यातली, ते कसं कळायचं? जरा जागा सोडून, नीट मांडून लिहा की!"

"जागा सोडायची?" पंत खेकसले. "कागद काय फुकट येतो? रिकाम्या जागेनं कधी कुणाचा ताप उतरलाय?"

कागद पेटाऱ्याच्या झाकणाला चिकटवला गेला.

एके सकाळी पंतांनी गुळाचा खडा उचलला. खड्याला गांधीलमाशी बसलेली. पण पंतांचं सगळं लक्ष खडा केवढा आहे याकडे. माशीकडे कोण बघतो! खडा तोंडात गेला आणि माशीनं जिभेला कडकडून डंख मारला. बघता बघता जीभ सुजली, ओठ सुजले, डोळे मिटून गेले. शब्द फुटेना. श्वास तर शिट्टीसारखा वाजू लागला.

वेणूबाई पेटाऱ्याकडे धावल्या. दंशावरचं औषध लाल पुडीत असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण लाल पुड्या निघाल्या दोन! एक पितळी डब्यात, एक शिसवी डब्यात; दोन्ही काळ्या बटव्यांत, दोन्हींत तशीच करडी पूड. एक दंशावरची आणि दुसरी उंदीर मारायची!

आरडाओरडा ऐकून शेजारचे केरोबा धावत आले. त्यांनी झाकणावरचा कागद ओढून काढला आणि भराभर वाचायला लागले, "पितळी डबा शिसवी डबा काळा बटवा काळा बटवा लाल पुडी दंशाची लाल पुडी उंदरांची... अहो वहिनी, सगळं लिहिलंय, पण कळत काहीच नाही!"

पंतांना सगळं ऐकू येत होतं. आपणच लिहिलेलं आपल्याच जिवावर बेतलं होतं. चाचपडताना त्यांचा हात ज्वारीच्या पिठाच्या परातीत गेला आणि ते पिठात बोट फिरवू लागले. त्यांना लिहायचंय, हे वेणूबाईंनी ओळखलं. त्यांनी परात धाडकन जमिनीवर उपडी केली आणि पीठ पसरून दिलं.

डोळे मिटलेले. अक्षरावर अक्षर पडू नये म्हणून पंतांनी प्रत्येक वस्तूला नवी ओळ घेतली. आणि जी वस्तू दुसरीच्या आत, तिच्यासाठी बोटही तेवढंच आत सरकवलं.

पेटारा
　पितळी डबा
　　काळा बटवा
　　　लाल पुडी: दंश
　शिसवी डबा
　　काळा बटवा
　　　लाल पुडी: उंदीर

"पितळी! वहिनी, पितळी डब्यातली!" केरोबा आनंदानं ओरडले.

वेणूबाईंनी पुडी फोडली, मधात कालवली आणि पंतांच्या जिभेवर चोळली. सगळ्यांचे डोळे पंतांच्या तोंडाकडे. हळूहळू शिट्टी थांबली. ओठ हलले. पंत पुटपुटले, "अगं... तेवढं पीठ... भरून ठेव."

वेणूबाई रडता रडता हसायला लागल्या. पंत वाचले होते, आणि पुरते शुद्धीवरही आले होते!

दुसऱ्या दिवशी पंतांनी चक्क कोरे कागद विकत आणले आणि पेटारा पुन्हा लिहायला घेतला. डबा थोडा आत, बटवा आणखी आत, पुडी त्याहून आत. निम्मा कागद कोराच राहिला.

वेणूबाईंनी चिमटा काढला, "अहो, केवढी ही जागा वाया चाललीय!"

पंत मान वर न करता म्हणाले, "जाऊ दे गं. काल परातभर पीठ वाया गेलं, म्हणून आज मी लिहितोय."

तात्पर्य: नुसतं सगळं सांगून भागत नाही, कशात काय आहे तेही दिसावं लागतं; वाचणाऱ्यासाठी सोडलेली जागा कधीच वाया जात नाही.