साखळी मागणारी फळी

बोटीवरची अवजारं आपसात बोलायची, तेव्हाची गोष्ट. एका ट्रॉलरच्या, म्हणजे जाळं ओढत नेणाऱ्या मासेमारी बोटीच्या, जाळ्याला लोखंडी पट्ट्या ठोकलेली जडशीळ फळी होती. समुद्रात तिनं अंग तिरकं केलं की जाळ्याचं तोंड उघडायचं आणि मासळी आत शिरायची. त्याचा तिला कोण तोरा!

एकच गोष्ट तिला सलायची. विंचच्या यंत्रानं वायर गुंडाळून तिला वर ओढलं की हिराजी खलाशी आधी तिला साखळीत अडकवायचा आणि मगच वायर सैल सोडायचा.

"पाण्यात मी राणी, आणि बोटीवर शेळीसारखी बांधलेली!" ती साखळीवर डाफरली. "आज मला हात लावायचा नाही."

"अगं बाई, खाली पाणी तुला तोलून धरतं. वर कोण धरणार?" साखळी म्हणाली.

फळीनं ऐकलं नाही. वर येताच तिनं हिसडा दिला आणि साखळी निसटली. तेवढ्यात बोट लाटेवर कलंडली. फळी झोका घेऊन धाडकन कठड्यावर आदळली. हिराजी वाकला, म्हणून वाचला. सगळे लांब पळाले. फळीला थांबायचं होतं, पण थांबता येईना. त्यात तिला हिराजीचा पांढराफटक चेहरा दिसला.

"साखळीताई, धर गं मला!" ती ओरडली.

बोट हाकणाऱ्या तांडेलानं बोटीचं तोंड लाटांकडे वळवलं. झोके मंदावले, तसा साखळीनं आकडा तिच्या कड्यात घातला.

दुसऱ्या दिवशी फळी वर आली ती कडं पुढे करूनच. आकडा खट्कन बसला. मग हिराजी चहाचा पेला घेऊन आला आणि तिलाच पाठ टेकून निवांत बसला.