हँडब्रेकची वायर

“माझं काय चुकलं, तेवढं सांगा उस्ताद. नाहीतर काहीच चुकलं नाही, असं तरी सांगा.”

निवास खोत उभ्याउभ्याच बोलला. बसायचं त्याला सुचलं नाही.

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. साताऱ्याबाहेरच्या पत्र्याच्या शेडात, कुठल्याशा जीपमधून काढलेल्या सीटवर ते बसले होते. चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलेला माणूस. आता डोळे गेल्यात जमा होते, बोटं मात्र शाबूत होती.

“पिशवीत काय हाय?”

“ननावऱ्यांच्या गाडीतनं काढलेलं वायरिंग.”

उस्तादांनी हात पुढे केला.

जयवंत ननावरे बँकेत नोकरीला. त्यांच्या गाडीला निवासनं रिमोट स्टार्टर बसवला होता. घरात बसून बटण दाबलं की अंगणात गाडी चालू; आपण जाऊन बसेपर्यंत आत गार झालेलं असतं. बारा दिवसांपूर्वी सकाळी त्यांनी चहा पिता पिता बटण दाबलं. गाडी गिअरमध्ये होती. ती चालू झाली आणि अंगणाच्या उतारावरून सरळ पुढे गेली. पुढे त्यांचे वडील, आप्पा, फाटक उघडत होते.

आप्पा जागच्या जागी गेले.

पंचनामा झाला. मालकानं गाडी गिअरमध्ये ठेवली आणि मालकानंच बटण दाबलं, असं कागदावर आलं. निवासचं नाव कुठंच नव्हतं. पोलिसांनी गाडी सोडल्यावर ननावऱ्यांचा मेव्हणा ती घेऊन दुकानात आला. म्हणाला, हे यंत्र काढून टाका, डोळ्यांसमोर नको. निवासनं काढलं, पण टाकून दिलं नाही.

निवास उस्तादांकडे शिकायला होता तेव्हा हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकरच कळलं. तीन वर्षांत उस्तादांचं शेड सोडून त्यानं हमरस्त्यावर काचा लावलेलं स्वतःचं दुकान टाकलं. पाटीवर नावाखाली रंगवून घेतलं, ‘आमच्या कामाला तक्रार नाही’. असलं काही पाटीवर रंगवू नये. पण त्याला सांगणार कोण?

उस्तादांनी वायरींची जुडी मांडीवर घेतली. चांगली हातभर लांब. काळी टेप वेढ्यावर वेढा चढवत नेलेली, कुठं सुरकुती नाही, घट्ट घातलेल्या वेणीसारखी. त्यांची बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरली.

“सुबक बांधलंय,” ते म्हणाले. “माझ्या हातनं असं कधी झालं न्हाई.”

निवासचा जीव भांड्यात पडला.

“तुमचीच शिकवण आहे, उस्ताद.”

“ब्लेड दे.”

त्यांनी टेप उभी चिरली. दोन दिवस खपून बांधलेली जुडी एका रेघेत उकलली आणि वायरी मांडीवर पसरल्या.

“सांग,” एक वायर चिमटीत धरून उस्ताद म्हणाले. “ही?”

“बॅटरीची.”

“ही?”

“इग्निशनची.”

“आणि ही?”

“बॉनेटची. बॉनेट उघडं असलं की गाडी चालू होऊ नये म्हणून.”

“ही?”

ती वायर बाकीच्यांसारखी बाहेर जातच नव्हती. वीतभरावर कापून मागं दुमडलेली आणि अर्थिंगच्या वायरीला जोडलेली. जोड नीट डाख देऊन पक्का केलेला, वर प्लॅस्टिकची नळी चढवलेली.

“हँडब्रेकची,” निवास म्हणाला.

“ब्रेकपातुर जात न्हाई ती.”

“नाही.”

हँडब्रेक ओढलेला असेल तरच गाडी रिमोटनं चालू व्हावी, एवढंच त्या वायरीचं काम. ती अशी अर्थिंगला जोडून टाकली की यंत्राला वाटतं, ब्रेक कायमचा ओढलेलाच आहे.

“का केलंस?”

“त्यांची तक्रार होती. दहादा बटण दाबलं तर दोनदा गाडी चालू होत नाही म्हणायचे. चार गिऱ्हाइकांसमोर बोलले... मग मी ही जोडून दिली. पुन्हा तक्रार आली नाही.”

“त्या दोन टायमाला का चालू होत नव्हती?”

हा प्रश्न त्यानं ना ननावऱ्यांना विचारला होता ना स्वतःला. ननावऱ्यांचं अंगण उताराचं. माणूस घाईत घरी आला की हँडब्रेक विसरतो आणि सवयीनं गिअर टाकून उतरतो. म्हणजे त्या दोन वेळा यंत्र बिघडलं नव्हतं. ते आपलं काम करत होतं. त्या सकाळीही हँडब्रेक ओढलेला नव्हता; पण तेव्हा यंत्राला ते कळणारच नव्हतं.

“बांधायच्या आधी मालकाला बसवलं हुतंस?”

उस्तादांच्या शेडातली ती रीत होती. टेप लावायच्या आधी गाडीवाल्याला समोर बसवायचं, एकेक वायर त्याच्या हातात द्यायची, ही कशाची आणि कुठं जाते ते सांगायचं. गाडीवाले कंटाळायचे, घड्याळ बघायचे. उस्ताद त्यांना चहा पाजून बसवून ठेवायचे. निवासला तेव्हा तो म्हातारचळ वाटायचा.

“आता कोण बसतंय, उस्ताद... लोकांना वेळ नसतो.”

“तुला हुता?”

“पोलिसांना हे दिसलं नाही,” निवास हलक्या आवाजात म्हणाला. “कुणालाच दिसलं नाही.”

“दिसंल कसं? सुबक बांधलंय.”

बाहेरून उसाचा ट्रक गेला. पत्रे थरथरले आणि थांबले.

“ननावरे काय म्हणत्यात?”

“भेटायला येईल त्याला एकच सांगतात. बापाला मी मारलं म्हणतात. बँकेत जात नाहीत. वहिनी पुढ्यात ताट ठेवतात आणि तसंच उचलून नेतात.” तो थांबला. “मी तिसऱ्या दिवशी गेलो होतो. माझा हात हातात घेऊन म्हणाले, तुमचं काम चांगलं होतं हो खोत, माझ्याच हातनं झालं.”

“मग तू काय म्हणलास?”

“काही नाही. मान हलवली.”

हे सांगताना त्याला स्वतःची किळस आली. इतके दिवस तो ज्यापासून पळत होता ते एवढंच होतं, हलवलेली मान.

“बोललो तर दुकान जाईल, उस्ताद. कदाचित आतसुद्धा जावं लागेल. पोरगी दहावीला आहे माझी... आणि बोलून आप्पा काही परत येत नाहीत.”

“न्हाई येत.”

“मग?”

उस्तादांनी बाजूच्या डब्यात चाचपून टेपचं भेंडोळं काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

“बांध परत.”

निवास खाली बसला. वायरी गोळा केल्या, टोकं जुळवली, टेप लावली. हात सरावाचा होता. दोन वेढे, चार वेढे... दुमडलेल्या जोडाशी आला तेव्हा बोटं थांबली. त्यानं टेप मागं सोडवली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच थांबला. टेप बोटांनाच चिकटत राहिली.

उस्तादांनी त्याला घाई केली नाही, थांबवलंही नाही.

“होत नाही, उस्ताद,” निवास म्हणाला. तो रडत होता.

उस्तादांनी त्याच्या बोटांची टेप सोडवली. लावलेले वेढे काढून टाकले. मग वायरी एकेक करून सरळ केल्या आणि पिशवीत न घालता त्याच्या ओंजळीत तशाच मोकळ्या ठेवल्या.

“मी... आत्ताच ननावऱ्यांकडे?”

“उजेड हाय तवर जा,” उस्ताद म्हणाले. “अंधारात वायरींचे रंग दिसत न्हाईत.”